भरडीवरची सावली

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात माटवी सजते. गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला आंब्याचे टाळ, नारळ, असोल्या सुपारीचा घोस आणि तवसे बांधली जातात. पण माटवीला खरी शोभा येते ती रानातून आणलेल्या वस्तूंनी, म्हणजे लाल कवंडळांनी, कांगल्यांच्या घोसांनी, हरणाच्या फुलांनी, शेरवडाच्या पांढऱ्या पानांनी आणि तेरड्याने. हे सगळे आणण्याचे काम पूर्वीपासून मुलांचे. सहा वर्षांपूर्वी माझ्या दिरांची मुले वाडीतल्या मुलांबरोबर घरामागच्या डोंगरावर गेली आणि दोन तासांनी हातभर केशरी-पिवळ्या फुलांचा भारा घेऊन परत आली. तो कॉसमॉस होता. मेक्सिकोकडून बागेची शोभा म्हणून आलेले आणि आता कोकणातल्या रस्त्यांच्या दोन्ही कडांनी पसरत डोंगरात शिरलेले हे फूल दिसायला अतिशय देखणे आहे. “काकू, दुसरं काहीच नाही तिथे,” धाकटा म्हणाला. त्या वर्षी आम्ही तेच माटवीला बांधले. सासूबाईंनी बराच वेळ वर पाहिले आणि एवढेच विचारले, “ह्यां खंयचां फूल?”

मला त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते आणि तरीही ते देताना जीभ अडखळली, कारण त्या प्रश्नात रानाची सगळी चौकशी होती. दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांची जेवणे आटोपल्यावर, मी एकटीच भरडीवर चढून गेले.

भरड म्हणजे डोंगरउताराची खडकाळ, हलकी जमीन. आमच्या सिंधुदुर्गात घराघराला तिचा एखादा तुकडा असतो. आमच्या भरडीवर सासूबाईंच्या तरुणपणी नाचणी आणि वरी होत असे. बांधावरच्या आईन-किंजळीचे टाळ तोडून ते तरव्याच्या भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपे टाकण्याआधी जमीन भाजण्यासाठी, खाली आणले जात. टाळ तोडायचे पण शेंडा राखायचा, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता आणि तो कोणी मोडतही नसे. पुढे दोघे दीर मुंबईला गेले, गोठ्यातली गुरे एकेक करून विकली गेली, नाचणी परवडेनाशी झाली. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी घरच्या एका अडचणीत भरडीवरचे उभे रान तोडायला दिले गेले. पैसे आले आणि संपले. त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत खालच्या रस्त्याकडून वणवा वर चढला. मी लग्न होऊन या घरात आले, त्यानंतर सावली असलेली ती जागा मला दोनच वर्षे पाहायला मिळाली. त्या दिवशी चढून गेले तेव्हा डोक्यापेक्षा उंच रानमोडीत मला माझीच पायवाट सापडेना.

रानमोडी कोकणात कोणाला दाखवावी लागत नाही. तिचे शास्त्रीय नाव क्रोमोलेना ओडोराटा. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या वनस्पती उद्यानामार्गे भारतात आली आणि तिथून पूर्व भारत, केरळ आणि सह्याद्री असा सगळा ओला प्रदेश तिने व्यापला. तिचे बळ कशात आहे, हे सहा वर्षे तिच्याशी झगडताना मला हळूहळू उमगत गेले. डिसेंबर-जानेवारीत ती फिकट जांभळट फुलांनी भरून जाते आणि शिमग्याच्या सुमारास तिच्या हजारो बारीक बिया, प्रत्येकीला केसांचा तुरा असल्यामुळे, वाऱ्यावर उडू लागतात. ज्या उडत नाहीत त्या गुरांच्या अंगाला आणि माणसांच्या कपड्यांना चिकटून जातात. वरचा भाग उन्हाळ्यात वाळतो आणि पेटला तर भडकून जळतो, पण जमिनीलगतचा गड्डा जिवंत राहतो आणि पहिल्या पावसात त्यातून पुन्हा दहा-दहा कोंब येतात. म्हणजे वणवा आमच्या आईन-कुंभ्याची रोपे मारतो आणि रानमोडीची जागा मोकळी करतो. पुढच्या वर्षी तिच्या वाळलेल्या काटक्यांमुळे वणवा आणखी मोठा होतो. या चक्रात एकदा सापडलेली जमीन आपोआप बाहेर पडत नाही.

हा प्रश्न आमच्या डोंगरापुरता नाही, हे मला ठाऊक आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केली, तीत रानमोडी आहे, घाणेरी आहे, आमच्या तळ्यांतली जलपर्णी आहे आणि हल्ली रिसॉर्टच्या हिरवळीतून ओहोळांकडे सरकणारी सिंगापूर डेझीही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०२३ साली जो अहवाल दिला, त्यात माणसाने आपापल्या मुलखाबाहेर नेऊन सोडलेल्या ३७,००० हून अधिक प्रजाती मोजल्या आहेत आणि त्यांपैकी ३,५०० हून अधिक आक्रमक व अपायकारक ठरवल्या आहेत. हे आकडे मी वाचले तेव्हा मला त्यांतला उरलेला मोठा हिस्सा अधिक महत्त्वाचा वाटला. परमुलखातून आलेले बहुतेक जीव कोणाचे काही बिघडवत नाहीत. ज्या काजूवर आमच्या तालुक्यातली निम्मी घरे चालतात तो पोर्तुगीजांनी ब्राझीलकडून आणला. ज्या मिरचीवाचून मालवणी मसाला होत नाही तीही त्याच बाजूची. म्हणून “परके ते वाईट” असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. एखादे झाड कुठून आले यापेक्षा ते शेजाऱ्याला जगू देते का, हे मी पाहते.

आणि रानमोडीविषयीही मनात केवळ राग नाही. लहानपणी माहेरी कोयती लागून बोट कापले की आम्ही तिचीच पाने चुरगाळून रस लावायचो, रक्त थांबायचे. तो उग्र वास आजही आला की मला माहेरचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आठवतो. जी वनस्पती माझ्या आठवणीत औषध म्हणून आहे, तिलाच मुळासकट उपटण्यात माझी इतकी वर्षे गेली, याचे मला अजूनही थोडे वाईट वाटते.

पहिल्या वर्षी मी जे केले ते बहुतेक सगळे चुकले. आधी अडचण आली ती कागदाची. भरडीच्या सातबाऱ्यावर एकवीस नावे आहेत. त्यांतली चार माणसे हयात नाहीत आणि बाकीची डोंबिवलीपासून बडोद्यापर्यंत विखुरलेली. सामायिक जमिनीत कोणी झाडे लावू लागले की तो ती जमीन बळकावू पाहतो आहे, असा संशय भाऊबंदांत येतोच आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण तसे घडलेले सगळ्यांनी पाहिले आहे. यजमानांनी एकेकाला फोन केले, मी गणपतीत आलेल्यांना चहा देत समजावले, आणि अखेर झाडांवर कोणाचाही वेगळा हक्क राहणार नाही असे साध्या कागदावर लिहून सह्या झाल्या. कोकणात पुनर्लागवडीविषयी बोलणारे लोक खड्ड्याच्या मापापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात सातबाऱ्यापासून करावी लागते.

मग आम्ही ग्रास कटर भाड्याने आणून एका आठवड्यात तीस गुंठे साफ केले. जमीन इतकी मोकळी दिसली की मला रडू आले. दोन महिन्यांत रानमोडी गुडघ्याएवढी झाली. त्याच मोकळ्या उन्हात आम्ही एका रोपवाटिकेतून आणलेली दोनशे रोपे लावली होती. देशी झाडे मागितली असताना त्या गाडीतून निम्मी आकेशिया आणि गुलमोहराची रोपे उतरली आणि ती परत करण्याचे धैर्य मला झाले नाही. उरलेल्यांपैकी बरीचशी मार्चच्या उन्हात कातळ तापल्यावर करपून गेली.

सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या कधी वर चढून आल्या नाहीत, पण खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून माझ्या हातावरचे ओरखडे पाहायच्या. एके दिवशी म्हणाल्या, “कापल्यार फुटता, जाळल्यार फुटता. गड्डो काढूक होयो.” आणि तो कधी काढायचा तेही त्यांनीच सांगितले: पाऊस ओसरू लागला की. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माती अजून मऊ असते, पारयेने, म्हणजे लोखंडी पहारीने, थोडे उचलले की गड्डा सबंध येतो, आणि फुले धरायला अजून दोन महिने असतात, त्यामुळे उपटलेली झाडे तिथेच पसरून ठेवता येतात. बी नसलेल्या त्या काड्यांचे आच्छादन रोपांच्या बुडाशी घातले की उन्हाळ्यात ओल टिकते. फक्त मुळे वर करून ठेवायची, नाहीतर ती पुन्हा धरतात. आंबा-काजूच्या बागेत वर्षानुवर्षे बेणणी, म्हणजे तण काढण्याचे काम, करणाऱ्या वाडीतल्या बायकांना हे सगळे माहीत होते. मीच त्यांना विचारले नव्हते. दुसऱ्या वर्षीपासून बचत गटातल्या सात जणी माझ्याबरोबर येऊ लागल्या. लावणीला जशा एकमेकींच्या शेतात जातात, तसेच हेही धरले गेले: चार दिवस आमच्या भरडीवर, चार दिवस त्यांच्या.

खरा शोध लागला तो त्या उपटण्यातच, आणि तो माझ्यासाठी या सगळ्या वर्षांतला सर्वांत मोठा आनंद आहे. गड्डे काढताना आम्हांला रानमोडीच्या खाली जुनी खोडे सापडू लागली. मनगटाएवढी, काही मांडीएवढी, काळी पडलेली, जमिनीशी सपाट झालेली खोडे. त्यांतल्या अनेकांना बोटभर फुटवे होते, पिवळट, उजेडाविना वाढलेले. आईन होता, किंजळ होती, जाड सालीमुळे वणव्यातही तगणारा कुंभा होता, असाणा होता, एका ठिकाणी चक्क बिबला होता. पंचवीस वर्षांपूर्वी तोडलेले रान मुळांनी तिथेच थांबले होते. दरवर्षी फुटवे येत होते, दरवर्षी ते वणव्यात जळत होते किंवा रानमोडीखाली गुदमरत होते, आणि तरीही पुढच्या पावसात ते पुन्हा येत होते. आमच्यातल्या एका बाईने त्यातला एक फुटवा हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या दिवसानंतर आम्ही कामाची रीत बदलली. नवे रोप लावण्याआधी जुने खोड शोधायचे, त्याच्याभोवती चार हात मोकळे करायचे, आणि दहा फुटव्यांतले दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटायचे. खाली कित्येक वर्षांची मुळे असल्यामुळे हे फुटवे ज्या वेगाने वाढतात त्याच्याशी पिशवीतल्या कोणत्याही रोपाची बरोबरी होऊ शकत नाही. तिसऱ्या पावसाळ्याअखेर काही किंजळी माझ्या दुप्पट उंच झाल्या. करवंदीच्या जाळ्या आम्ही मुद्दाम राखल्या. पूर्वी मी त्याही साफ केल्या असत्या, पण काट्यांमुळे गुरे तिथे तोंड घालत नाहीत आणि वर बसणारे बुलबुल खाली बिया टाकतात, त्यामुळे जाळीच्या पोटात आपोआप आलेली जांभूळ आणि आळू ही रानफळांची झाडे निवांत वाढतात. दर उन्हाळ्यापूर्वी खालच्या बाजूने दहा हात रुंद जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढतो. या कामाला कोणी फोटो काढायला येत नाही, पण ती एक वर्ष चुकली तर बाकी सगळे व्यर्थ जाईल.

रानमोडीला ऊन लागते. हे एक वाक्य नीट समजायला मला गावच्या देवराईत जावे लागले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल अभ्यासकांपुढे मांडले. आमच्या गावाला आपल्या राईचे मोल देवाच्या धाकाने ठाऊक होते. आमच्या राईच्या कुंपणाबाहेर रानमोडी छातीएवढी आहे आणि आत वीस पावलांवर तिचे एकही झाड नाही. तिथे कोणी ती उपटलेली नाही. वर सुरंगी, काजरा, सातवीण यांची पाने एकमेकांत इतकी मिसळली आहेत की बी पडले तरी त्याला पुरेसा उजेड मिळत नाही. एकाच ठिकाणी, जिथे मागच्या वादळात एक जुना वृक्ष उन्मळून आभाळ उघडे पडले, तिथे मला रानमोडीचा एक ताटवा दिसला. तेव्हापासून भरडीवर मी किती उपटले याचा हिशेब ठेवत नाही. दुपारी बाराला जमिनीवर किती सावली पडते ते पाहते.

राईतल्या बिया घेण्यासाठी आम्ही रीतसर परवानगी मागितली. गावकऱ्यांनी देवापुढे गाऱ्हाणे घातले, आम्ही सगळ्या जणींनी “व्हय म्हाराजा” म्हटले, आणि मग खाली पडलेले तेवढेच गोळा केले. आता आमच्या खळ्यात दर पावसाळ्यात पाचशे पिशव्या असतात. रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे, बी वाळवून ठेवता येत नाही, फळ फोडल्यावर लगेच पेरावे लागते, जांभळाचेही तसेच. रातांब्याचे नर आणि मादी झाड वेगळे असते आणि ते फुलेपर्यंत कळत नाही, म्हणून आम्ही तो तीन-तीनच्या गटाने लावतो. तो सावलीत सोशिकपणे वाढतो, त्यामुळे किंजळीच्या फुटव्यांखाली त्याची जागा ठरलेली आहे. किंजळीच्या बिया मात्र बहुतेक पोकळ निघतात; शंभरातल्या थोड्याच उगवतात, आणि म्हणूनच तिचे जुने खोड हाती लागले की ते सोन्यासारखे जपावे असे मी सगळ्यांना सांगते.

सगळीकडे झाडेच लावावीत, असे मात्र मला वाटत नाही आणि या बाबतीत माझे अनेक वृक्षप्रेमी मित्रांशी वाद होतात. आमच्या भरडीच्या वर सडा आहे, उघडा जांभा कातळ. कागदोपत्री तो पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, आणि पाहणाऱ्याला ओसाड. पण पहिल्या पावसानंतर त्याच्या खळग्यांत आणि फटींत दीपकाडीची पांढरी फुले येतात, जी या किनारपट्टीलगतच्या सड्यांबाहेर फारशी आढळत नाहीत. मग गेंद, मग कीटक खाणारी इवलीशी सीतेची आसवे आणि दवबिंदू. त्यांना माती कमी लागते आणि ऊन भरपूर. तिथे ट्रकने माती ओतून आकेशिया किंवा कलमे लावणे म्हणजे एका रानासाठी दुसरे मारणे होय. पूर्वीच्या सरकारी लागवडींतून आलेला आकेशिया आता सड्यांच्या कडांनी स्वतःहून पसरतो आहे, आणि ग्लिरिसिडिया, म्हणजे आमची उंदीरमारी, कुंपणांतून बाहेर पडून उतार व्यापते आहे. भातखाचराला तिच्या पाल्याचे खत उत्तम, म्हणून ती बांधावर असावी आणि शेंगा धरण्याआधी छाटली जावी, एवढेच माझे म्हणणे. किनाऱ्यावरच्या सुरूचेही असेच. वाऱ्याला आडोसा म्हणून तो लावला गेला, त्याची बने पाहायला लोक येतात. पण त्याच्या काड्यांच्या जाड थराखाली फारसे काही उगवत नाही आणि वाळू धरून ठेवणारी मर्यादावेल, केवडा, उंडी मागे हटतात. समुद्राची मर्यादा ज्या वेलीच्या नावात आहे ती वेल हटू देणे मला धोक्याचे वाटते.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत मला घेतले. २००२ च्या कायद्याने गावाने आपल्या परिसरातल्या जिवांची लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. आम्ही ती भरायला सासूबाईंपासून सुरुवात केली. त्यांनी तीन संध्याकाळी बसून एकशे बारा नावे सांगितली. त्यांतली एकोणीस कोणत्या झाडांची हे आम्हांला अजून ओळखता आलेले नाही. त्या आता नाहीत. मुलांना मी ती एकोणीस नावे पाठ करायला लावली आहेत, जेणेकरून रानात नवे काही दिसले की ते विचारतील.

यंदा चतुर्थीला मुलांनी भरडीवरूनच कवंडळ आणली, तेरडा आणला, शेरवडही मिळाली. हरण मिळाले नाही. ते शेजारच्या गावाहून विकत आणले.

भरडीच्या वरचा, सड्याच्या खालचा पट्टा दुसऱ्या घराण्याचा आहे आणि तिथे रानमोडी अजून तशीच उभी आहे. दर शिमग्याला वारा तिकडून आमच्याकडे वाहतो आणि सकाळी उठावे तर तुळशीच्या वृंदावनावरही तिचे तुरे पडलेले असतात. ऑक्टोबरात आम्ही ती रोपटी चिमटीने उपटतो; दरवर्षी ती थोडी कमी असतात. त्या जमिनीचे मालक विरारला राहतात. त्यांना मी दोनदा पत्र लिहिले, एकदा फोन केला. मे महिन्यात देवीच्या गोंधळाला येईन, तेव्हा वर जाऊन पाहू, असे ते म्हणाले आहेत. मी पारय आणि कोयत्या तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवल्या आहेत, आणि त्यांच्या जमिनीत कुठे जुनी खोडे आहेत तेवढ्या जागांवर, गडग्याच्या अलीकडूनच पाहून, कागदावर खुणा करून ठेवल्या आहेत. आतापर्यंत चौदा झाल्या.